नऊ टॅब आणि एंटर

"हुक्केरी, पोरगी वर्षभर एका वाटेनं चालत आली, आणि तू परीक्षेच्या तोंडावर ती वाटच उखडायला निघालास? शहाणा आहेस की काय?"

खाडे सर चिडले की आवाज चढवत नसत, उलट खाली आणत. त्या मंगळवारी तर तो इतका खाली आला होता, की मला खुर्ची पुढं ओढून बसावं लागलं.

"सर, उखडत नाही. अपग्रेड करतोय."

"नाव काही दे रे. रस्ते खणणारेसुद्धा त्याला विकासच म्हणतात."

याला आता आठ वर्षं झाली. मी कोल्हापुरात वेबसाइटी बनवायचो. अजूनही तेच करतो. खाडे सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक, जन्मापासून अंध. शाहूपुरीतल्या एका शाळेनं दिलेल्या मागच्या खोलीत त्यांनी अंधांसाठी बोलकं वाचनालय काढलं होतं. शहरातल्या दहा-बारा बायका-पुरुषांनी पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायची, ती रेकॉर्डिंग वेबसाइटवर चढवायची आणि सभासदांनी घरबसल्या ऐकायची. चारशेच्या वर सभासद होते, पार निपाणीपासून जतपर्यंतचे. वेबसाइट मी फुकटात सांभाळायचो, आणि फुकटात काम करणारा माणूस जरा जास्तच मालकी गाजवतो, तशी मी गाजवायचो.

आता ही मंडळी वेबसाइट वापरायची कशी, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्यांच्या संगणकात एक आवाज असतो. पडद्यावर जे असेल ते तो वाचून दाखवतो. माऊसचा उपयोग शून्य. टॅबची कळ दाबत एकेका गोष्टीवरून पुढं सरकायचं आणि हवी ती आली की एंटर. खाडे सर नव्या सभासदाला फोनवर शिकवायचे, "नऊ टॅब, एंटर. मग चार टॅब, एंटर. की पुस्तक बोलायला लागलं." सभासदांना ही वाट पाढ्यांसारखी पाठ असायची. आवाज काय वाचतोय तिकडं ते लक्षही देत नसत, बोटंच मोजून पोचायची.

आणि माझं म्हणणं काय होतं? ज्या सॉफ्टवेअरवर ती साइट उभी होती, म्हणजे ज्यातून पुस्तकं चढवायची, पानं बदलायची, त्याची ती आवृत्ती म्हातारी झाली होती. बनवणाऱ्यांनी तिच्याकडं बघणं बंद केलं होतं. कुठं भोक पडलं तर बुजवणारं कुणी नव्हतं. नवी आवृत्ती घेतली की प्रश्न मिटला.

"मिटला कसा?" सर म्हणाले. "नवं आलं की टॅब बदलणार. चारशे लोकांना मी परत फोनवर वाट शिकवायची. त्याचं काही नाही, शिकवीन. पण रेश्मा कुरणेचं काय? येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी तिची बँकेची मुख्य परीक्षा आहे."

रेश्मा कुरणे गडहिंग्लजची. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण साइटच्या आकड्यांत ती मला रोज दिसायची. पहाटे पाचला पहिली हजेरी तिची. आमच्या पोवारबाई तिच्यासाठी रोज चालू घडामोडी आणि बँकेच्या नोट्स रेकॉर्ड करून चढवायच्या. बाप नाही, आई काजूच्या कारखान्यात. घर मामाच्या जिवावर, आणि मामानं सांगितलेलं होतं की हा तिसरा प्रयत्न, यंदा जमलं तर ठीक, नाहीतर बास. पुढं घरात बसायचं.

"परीक्षेनंतरच्या सोमवारी कर," सर म्हणाले. "तेरा दिवसांनी काय आभाळ कोसळतंय? शब्द दे."

मी शब्द दिला. मनात मात्र म्हटलं, म्हाताऱ्याला संगणकातलं काय कळतंय.

शुक्रवारी दुपारी माझ्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. एमआयडीसीत त्यांची फाउंड्री होती, लोखंडी ओतकामाची.

"ओ हुक्केरी, आमची वेबसाइट उघडा आधी!"

"काय झालं?"

"काय झालं काय? कास्टिंगच्या फोटोंच्या जागी बायका नाचाय लागल्यात! जुगाराच्या जाहिराती आहेत सगळ्या. पुण्याच्या पार्टीला लिंक पाठवली होती मी. त्यांनी मलाच विचारलं, धंदा बदलला काय म्हणून!"

मला हसू यायच्या आधी घामच फुटला. कारण फाउंड्रीची साइट आणि वाचनालयाची साइट एकाच सॉफ्टवेअरवर होत्या, त्याच म्हाताऱ्या आवृत्तीवर. मी दोन्ही एकाच महिन्यात बनवल्या होत्या. एकीला भोक सापडलं म्हणजे दुसरीला सापडायला किती वेळ? बॅकअप होता, नव्हता असं नाही. पण असली घाण झालेली साइट धुऊनपुसून परत उभी करायला आठवडा जातो. तोच आठवडा परीक्षेचा.

खरं सांगायचं तर त्याच क्षणी सरांना फोन करायला हवा होता. नाही केला. ते परत आवाज खाली आणणार, परत शब्दाची आठवण करून देणार, आणि माझं डोकं फिरणार. शिवाय शनिवारी ते भाचीच्या साखरपुड्याला रत्नागिरीला चालले होते, सोमवारी संध्याकाळी परतणार होते. मी ठरवलं, रविवारी सकाळी काम उरकायचं. रविवारी सकाळी कोल्हापुरात निम्मी माणसं मटणाच्या दुकानापुढं रांगेत असतात आणि उरलेली रश्श्याचं वाटण करत असतात. पुस्तक ऐकायला कोण बसतंय?

काम छान झालं. इतकं छान की मीच माझ्यावर खूश. नव्या आवृत्तीवर मी जुन्याच रंगाचं, जुन्याच मांडणीचं पान बसवलं. जुनं पान एका बाजूला, नवं दुसऱ्या बाजूला ठेवून बघितलं. तीच यादी, तीच चित्रं, ऐकण्याचं बटन त्याच जागी. डोळ्यांना फरक सापडेना. सर परत आले तरी त्यांना पत्ता लागणार नाही, असं म्हणून मी जेवलो आणि ताणून दिली.

मंगळवारी सकाळी अकराला सरांचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाले.

गेलो. त्यांनी लॅपटॉपचा आवाज मोठा केला आणि टॅब दाबायला सुरुवात केली.

"बटन," लॅपटॉप म्हणाला. "बटन. बटन. दुवा. बटन."

नऊ टॅब मोजून सरांनी एंटर मारला. आमच्या पत्त्याचं पान उघडलं.

"पुस्तक ऐकायला गेलो, तर तू मला पोस्टाचा पत्ता वाचून दाखवतोस," सर म्हणाले. "आणि हे बटन बटन काय लावलंय? कशाचं बटन? शर्टाचं?"

मी लॅपटॉप माझ्याकडं वळवून तपासला. नव्या आवृत्तीत डोळ्यांना न दिसणारे चार दुवे, म्हणजे लिंका, वाटेत घुसले होते, आणि ऐकण्याच्या बटनांना नावंच नव्हती. बटनावर त्रिकोणाचं चित्र होतं, मला ते दिसत होतं, म्हणून मला ते कळत होतं. आवाजाला चित्र वाचता येत नाही. मी सगळी साइट तपासली होती, पण नुसती बघून. अंधांच्या वेबसाइटवर मी एकदाही कान लावून बसलो नव्हतो.

"सर, फाउंड्रीच्या साइटवर हल्ला झाला. मी घाबरलो. म्हणून..."

"घाबरलास ते बरोबर केलंस. मला सांगितलं नाहीस ते चुकलं." त्यांनी लॅपटॉप मिटला. "कुणाचा फोन आला होता तुला?"

"एकाचाही नाही." आणि माझ्या मूर्ख तोंडातून पुढचं निघून गेलं, "म्हणजे तसं कुणाचं अडलं नसावं."

सरांनी माझ्या आवाजाकडं तोंड वळवलं. मग म्हणाले, "अरे येड्या, तुझा दिवा लागला नाही तर तू वीज मंडळाला शिव्या देतोस. आमचं काही अडलं की आम्हाला पहिली शंका स्वतःचीच येते. लहानपणापासून सगळे हेच सांगतात आम्हाला, नीट बघ, तुझंच काहीतरी चुकलं असेल. रेश्माला फोन लाव. आत्ता, माझ्यासमोर."

फोन स्पीकरवर टाकला. तिच्या आईनं उचलला. "ती आडवी पडलीया," आई म्हणाली. "काल रात्रीपासनं त्या लॅपटॉपला हात लावंना झालीया. जेवली पण नाही नीट."

मग रेश्मा आली. आवाज बसलेला.

"सर, मी तुम्हालाच फोन करणार होते, पण लाज वाटली," ती खाडे सरांना म्हणाली. "मी वाट विसरले. रविवारपासून मोजतीया, नऊ टॅब मारतीया, भलतीकडंच जातीया. आठ करून बघितले, दहा करून बघितले. काल दिवसभर मोजत बसले. वर्षभर रोज केलेलं मला आठवंना झालंय. मग परीक्षेत काय आठवणार? माझं डोकं गेलं वाटतं सर."

सरांनी फोन माझ्याकडं सरकवला.

"रेश्माताई, मी हुक्केरी. वेबसाइट मी बघतो. तुम्ही काही विसरला नाही. मी रविवारी साइट बदलली. वाट मी बदलली."

ती रडायला लागली, मोठ्यानं, लहान पोरीसारखी. मला वाटलं आता शिव्या घालेल. ती आईला सांगत होती, "आई, माझं डोकं ठीक हाय गं! माझं काही चुकलं नव्हतं!"

आयुष्यात मला इतकी शरम कधी वाटली नाही.

तासाभरात पोवारबाईंची सगळी रेकॉर्डिंग एका मेमरी कार्डात भरली आणि मोटारसायकलवरून गडहिंग्लज गाठलं. रस्ताभर मी मनातल्या मनात भाषण जुळवत होतो: हल्ल्याचा धोका, फाउंड्री, चारशे सभासदांचं हित. दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. आईनं पाणी आणून दिलं. काजूच्या चिकानं तिच्या हाताची बोटं काळी पडली होती. रेश्मा भिंतीला टेकून बसली होती, सव्वीस-सत्तावीसची, वेणी घट्ट घातलेली, तोंड धुऊन आलेली. आता ती रडत नव्हती. आता ती चिडली होती.

"कार्ड आणलंय," मी म्हटलं. "सगळं आहे यात, कालपर्यंतचं. कुठली वाट नको, काही नको. नुसतं लावायचं आणि ऐकायचं."

"हे आज आणलंत."

"हो. म्हणजे, फोन झाला आणि लगेच..."

"हेच शनिवारी आणता आलं नसतं?"

मी माझं भाषण काढलं. हल्ला, धोका, आठवडा. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बदलायला नको असं मी म्हणतच नाही. साइटच बुडाली असती तर माझ्यासारख्या सगळ्यांचंच नुकसान होतं. बदलायलाच पाहिजे होती. पण मला एक फोन करायचा होता की ओ! 'रेश्मा, रविवारी वाट बंद आहे, काय करू?' मी सांगितलं असतं, कार्डात भरून एसटीत कंडक्टरजवळ द्या, स्टँडवर आई घेईल. मग तुम्ही साइट उलटी करा नाहीतर सुलटी करा. माझं काय जाणार होतं?"

"खाडे सर म्हणाले होते परीक्षेनंतर कर. माझंच चुकलं, मी त्यांचं ऐकायला हवं होतं."

"खाडे सरांनी तरी मला कुठं विचारलं?"

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"तुम्ही म्हणाला आत्ता, सर म्हणाले नंतर," ती म्हणाली. "म्हणजे भांडलात दोघं माझ्यावरून. परीक्षा माझी. मी इथं फोनजवळ बसलेली."

"चुकलं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"हां. चुकलंच." तिनं हात पुढं केला. मी कार्ड तळहातावर ठेवलं. "चहा घेऊन जावा. पण बोलत बसू नका, मला ऐकायचंय. पाचच दिवस राहिलेत."

चहा मी बाहेर पायरीवर बसून प्यायलो. आत पोवारबाईंचा आवाज सुरू झाला होता, दुप्पट वेगानं. इतक्या वेगानं की मला त्यातला एक शब्द लागेना. ती मात्र मधेच थांबवून, एखादं वाक्य परत स्वतःशी म्हणून, पुढं जात होती.

परत आलो ते थेट सरांकडं. तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, "सरांनी तरी मला कुठं विचारलं" यासकट. वाटलं, आता आवाज खाली येणार.

सरांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "खरं आहे," म्हणाले. "जन्मभर लोक माझ्या वतीनं ठरवतात म्हणून मी सगळ्यांशी भांडत आलो. रस्ता ओलांडायचा नसला तरी हात धरून ओलांडून देतात. आणि मी त्या पोरीच्या वतीनं ठरवून मोकळा झालो. तू निदान घाबरून केलंस. मी प्रेमानं केलं, म्हणून मला कळलंही नाही."

बुधवारी आणि गुरुवारी मी त्यांच्या खोलीत लॅपटॉपचा पडदा बंद करून साइट दुरुस्त केली. सर कळ दाबायचे, आवाज बोलायचा, सर म्हणायचे "हे काय?" आणि मी ते नीट करायचो. प्रत्येक बटनाला नाव दिलं. वाट परत नऊ आणि चारवर आणली. शुक्रवारपासून सभासदांचे फोन सुरू झाले. बहुतेकांचं एकच म्हणणं होतं, मधे चार दिवस माझ्या संगणकात काहीतरी बिघाड होता, आता आपोआप बरा झाला. सर प्रत्येकाला सांगायचे, "तुझ्या नाही, आमच्या." शंभरदा तरी सांगितलं असेल.

रविवारी परीक्षा झाली. पेपर बरा गेल्याचं तिच्या आईनं सरांना कळवलं. मला तेवढ्यानंच बरं वाटलं. मग दोन-अडीच महिने गेले, आणि निकालाच्या संध्याकाळी माझ्या फोनवर तिचं नाव उमटलं.

"हुक्केरी सर, रेश्मा बोलतीया. दीड मार्कानं राहिले."

मी बसलो होतो तो उभा राहिलो. दीड मार्क. रविवार, सोमवार, मंगळवारची दुपार.

"ताई, ते अडीच दिवस..."

"ते बोलू नका," ती म्हणाली. "मी पण दुपारपासून तेच करतीया. त्या अडीच दिवसांत दीड मार्क बसले असते का, हे मला कळणार नाही, तुम्हालाही नाही. कुणालाच कळणार नाही. म्हणून मी ठरवलंय, त्यात पडायचंच नाही."

"मामा काय म्हणतात?"

"मामा म्हणतोय बास. मी म्हटलं, बास नाही. आजपर्यंत तू ठरवलंस, आता पुढच्या वर्षीचा फॉर्म मी भरणार. रुसून बसलाय. बसू दे." मग ती मुद्द्यावर आली. "मी फोन त्याच्यासाठी केला नाही. मला विचारायचं होतं, साइटचं असं परत कधी करायचंय?"

मी सांगितलं. नवी आवृत्ती येऊ घातली होती. पुढच्या दोन-तीन महिन्यांत ती चढवावी लागणार होती. खरं म्हणजे तारीखही मनात पक्की होती, पण मी ती गिळली.

"मग मला विचारा की," ती म्हणाली.

"काय?"

"विचारा हो. तसं आपलं, रीतसर."

मी घसा साफ केला. "रेश्माताई, पुढचं अपग्रेड कधी करू?"

मला वाटलं, परीक्षांची वेळापत्रकं आठवत असेल, सोयीचा रविवार शोधत असेल. मी कॅलेंडर पुढं ओढलं, पेन उघडलं.

"मी एकटी कशी सांगू?" ती म्हणाली. "खाडे सरांकडनं मला चारशे जणांचे फोन नंबर घेऊन द्या. उद्यापासून एकेकाला विचारते. सगळ्यांचं झालं, की मग तारीख सांगते तुम्हाला."